उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली

मावशीचा उजवा गुडघा बदलायचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि पाचव्या दिवशी ती कराडजवळच्या आपल्या गावी परतली. टाके काढायला पुन्हा एवढा प्रवास होताच. मधल्या दिवसांसाठी फिजिओथेरपिस्टने व्हिडिओ कॉलच्या वेळा ठरवून दिल्या होत्या. गावात रेंज फक्त पडवीत, म्हणून दिवाण पडवीत आला. फोन तांब्याला टेकवून उभा केला. शेजारच्या दोघी कौतुकाने उंबऱ्यात येऊन बसल्या.

"कसं वाटतंय, काकू?"

"बरं आहे की."

आपल्याकडचे अर्धे फॉलोअप इथेच संपतात. पण त्या फिजिओथेरपिस्ट मुलीचं लक्ष भलतीकडेच होतं. "गुडघ्याखाली उशी कोणी ठेवली?"

"मीच. तेवढाच आराम."

"काढा आधी. टाचेखाली ठेवा."

मावशीला तो जुलूम वाटला. मात्र त्यामागे साधं शरीरशास्त्र आहे. सांध्यात सूज आणि द्रव साठला की गुडघा अंदाजे ३० अंशांत वाकवून ठेवल्यावर आतला दाब सर्वांत कमी असतो, म्हणून पेशंटचा हात आपोआप उशीकडे जातो. याच आठवड्यांत जखम भरताना सांध्याभोवती नवी तंतुमय ऊती तयार होत असते. गुडघा सतत वाकलेला राहिला तर मागची बाजू आखडते आणि पाय पुरता सरळ होत नाही. सरळ पायावर नुसतं उभं राहायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. वाकलेल्या पायावर मांडीच्या पुढच्या स्नायूला सारखं राबावं लागतं. माणूस लंगडतो आणि लवकर दमतो. टाचेखाली उशी घेतली की गुडघा पायाच्याच वजनाने हळूहळू सरळ होतो.

ओपीडीत ही उशी कुणालाच दिसली नसती. तिथे पेशंट टेबलावर शहाण्यासारखा बसतो. दूरस्थ तपासणीची खरी गंमत मला इथे वाटते. डॉक्टरांना गुडघ्याबरोबर घरही दिसतं: पाय अडकेल अशी सतरंजी, मोरीचा उंबरा, बुटका दिवाण.

'गुडघा बदलला' असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात हाडांची झिजलेली टोकं बदललेली असतात. मांडीच्या हाडाला बहुधा कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची चकती. हे काम तास-दोन तासांचं. ते चालतं करायचं काम घरात, पुढचे कित्येक आठवडे चालतं. सपाट चालायला गुडघा साधारण ६५ अंश वाकावा लागतो, जिना चढायला ९०च्या आसपास, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून जास्त. काही आठवड्यांनंतरही नव्वदी गाठली नाही, तर कधी कधी भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो. तो उपाय लवकर केला तरच नीट लागू पडतो, म्हणून प्रगती अडली हे वेळेत कळायला हवं.

हा कोन फोनला कसा कळतो? काही ॲप कॅमेऱ्याच्या चित्रात खुबा, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू शोधतात, ते रेषांनी जोडतात आणि मधला कोन काढतात. यात दोन भानगडी आहेत. कॅमेरा बरोबर बाजूने नसेल तर कोन चुकतो. दार तिरकं बघितलं की त्याचा काटकोन काटकोन दिसत नाही, तसंच. आणि घोळदार साडीत खुबा नेमका कुठे, हे सॉफ्टवेअरला अंदाजानेच ठरवावं लागतं. दुसरी पद्धत पायाला बांधायच्या सेन्सरच्या पट्ट्यांची. सेन्सरमधला सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा गुरुत्वाकर्षणामुळे किंचित सरकतो, त्यावरून पट्टी किती कललेली आहे ते समजतं. एक पट्टी मांडीला, एक पोटरीला. दोघींच्या कलातला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. अमेरिकेत २०२१ मध्ये याच्याही पुढचं पाऊल पडलं. नडगीच्या हाडात बसणाऱ्या दांड्यातच सेन्सर असलेल्या कृत्रिम गुडघ्याला तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, परवानगी दिली. पावलं, चालण्याचा वेग, पावलाची लांबी अशी माहिती तो स्वतःच पाठवतो.

घरबसल्या केलेला व्यायाम कमी पडतो का? कॅनडातल्या क्युबेक प्रांतात २०५ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांच्या घरी फिजिओथेरपिस्ट प्रत्यक्ष गेले, अर्ध्यांशी पडद्यावरून बोलले. काही महिन्यांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच निघाले. पण तिथे घरोघरी वेगवान इंटरनेट होतं, पडवीतली रेंज नव्हती, हे विसरू नये.

'बरं आहे' या उत्तरावर तोडगा म्हणून नेमके प्रश्न असतात. 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' या गुडघ्याच्या प्रश्नावलीत बारा प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का. मांडी घालून बसण्याचा प्रश्न मात्र त्यात नाही, आणि मावशीने पहिल्या दिवसापासून विचारला तो तोच.

पडद्याला स्पर्श नसतो, ही मोठी उणीव. जखमेच्या फोटोत लाली दिव्याच्या उजेडावर बदलते आणि सावळ्या त्वचेवर ती मुळातच कमी उठून दिसते. गुडघा काही महिने कोमट राहणं नैसर्गिक आहे. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणाही येतो, कारण त्वचेची एक बारीक नस छेदात कापली जाते. पण जखमेतून पाणी किंवा पू येत असेल, ताप वाढत असेल, तर फोटो पाठवत बसू नये, डॉक्टर गाठावा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर पोटरीतली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. तेव्हा व्हिडिओ कॉल नाही, थेट हॉस्पिटल.

नवव्या दिवशी मावशीची पोटरी सुजल्यासारखी दिसली. फिजिओथेरपिस्ट मुलीने शिवणाच्या डब्यातली टेप आणायला सांगितली. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या खाली १० सेंटीमीटरवर पेनाने खूण, दोन्ही पायांना.

"चौदा," मावशी म्हणाली.

"ते इंच झाले, काकू. टेप उलटी करा."

डावी ३५.५, उजवी ३७. दोन्हींत ३ सेंटीमीटरचा फरक पडला की गुठळीचा संशय बळावतो. इथे दीडच होता. ऑपरेशननंतर पाय सुजतोच, म्हणून नुसत्या आकड्यावर तिने सोडलं नाही. पोटरी दाबायला लावली, दुखतं का विचारलं, रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या मोजायला लावल्या, आणि खूण न पुसता सकाळी पुन्हा माप घ्यायला सांगितलं. फरक वाढला तर तडक कराडला जाऊन सोनोग्राफी.

सकाळी मावशीने आधी माप घेतलं, मग चहा. उजवी ३६.५.