सहा महिन्यांनी डिस्चार्जचा शेरा आपोआप सुधारतो का?

अमेरिकी सैन्यातून ‘ऑनरेबल’ म्हणजे सन्मानपूर्वक सेवामुक्तीपेक्षा (डिस्चार्जपेक्षा) खालचा शेरा घेऊन बाहेर पडलेल्यांना कित्येक वर्षं सांगितलं जातं: सहा महिने थांबा, शेरा आपोआप सुधारेल. असा नियमच नाही. अर्ज केल्याशिवाय काहीही बदलत नाही.

सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत डीडी-२९३ हा अर्ज डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे, म्हणजे शेऱ्याचा फेरविचार करणाऱ्या मंडळाकडे करता येतो. मुदत उलटली, किंवा शिक्षा जनरल कोर्ट मार्शलची (सर्वांत गंभीर प्रकारच्या लष्करी खटल्यातली) असली, तर डीडी-१४९ भरून रेकॉर्ड दुरुस्ती मंडळाकडे जायचं. तिथली ३ वर्षांची मुदत न्यायासाठी माफ होऊ शकते. तेव्हा ‘आता उशीर झाला’ असं स्वतःच ठरवून टाकू नका.

खरी लढाई पुराव्याची. पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), मेंदूची दुखापत किंवा सेवेतला लैंगिक अत्याचार यांच्याशी निगडित अर्जांकडे उदारपणे पाहावं, असं संरक्षण खात्याने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. तरी तो आघात आणि नोंदवलेलं गैरवर्तन यांचा संबंध वैद्यकीय नोंदींतून, सोबतच्या सैनिकांच्या जबाबांतून दाखवावा लागतो. वकिलाचा उपयोग इथेच होतो. पैशांअभावी कुणी गप्प बसावं, हे फार वाईट. कारण अनेक विधी महाविद्यालयांची क्लिनिक आणि स्वयंसेवी संस्था ही प्रकरणं मोफत चालवतात.