परिचारिकांचे पुरस्कार: ते कसे सुरू झाले आणि खान्देशात कुणापर्यंत पोचले

१२ मे जवळ आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यांत परिचारिका दिनाची तयारी सुरू होते. दिवे लावून शपथ होते, निवृत्तीला आलेल्या सिस्टरांना शाल-श्रीफळ दिले जाते, जिल्हा परिषदेकडून आरोग्य सेविकांना फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. ही परंपरा वाटते तितकी जुनी नाही, आणि तिचा रोखही बदलत गेला आहे. आधी गौरव झाला तो युद्धभूमीवरच्या धैर्याचा. शिकवणाऱ्या, नियम घालून देणाऱ्या, पुढची पिढी उभी करणाऱ्या परिचारिकांकडे लक्ष गेले ते बरेच उशिरा. खान्देशात तर अशा बायकांना त्यांच्या वाट्याचा मान अजून मिळालेला नाही, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवात अर्थातच नाइटिंगेल यांच्यापासून. जन्म १२ मे १८२०. १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन त्या क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. हातात दिवा घेऊन रात्री फेरी मारणारी बाई लोकांच्या मनात ठसली ती तेव्हाच. पण त्यांचे टिकलेले काम त्यानंतरचे आहे. कशाने किती सैनिक दगावले याची त्यांनी पद्धतशीर आकडेवारी मांडली आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये परिचारिकांसाठी प्रशिक्षण शाळा उभी केली. सेवा हे नुसते दयेचे काम नाही, ते शिकावे लागते, त्याला वेतन आणि दर्जा हवा, ही कल्पना त्या शाळेतून जगभर गेली. त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या खेड्यांच्या स्वच्छतेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे लेखणी झिजवली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. आपल्याकडे त्यांची तसबीर लागते, पण ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

त्यांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय पदक रेडक्रॉसने १९१२ मध्ये ठरवले. पहिले महायुद्ध आडवे आले आणि पहिली पदके दिली गेली ती १९२० मध्ये. युद्धातील आणि आपत्तीतील पीडितांची जिवावर उदार होऊन केलेली सेवा, हा त्याचा मूळ गाभा. सार्वजनिक आरोग्यात किंवा परिचर्येच्या शिक्षणात नवी वाट पाडणाऱ्यांचाही आता त्याच्या निकषांत समावेश आहे. हे पदक दर दोन वर्षांनी, जास्तीत जास्त ५० जणांना मिळते. परिचारिका दिनाचा प्रवास याहून संथ झाला. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद १८९९ ची, पण तिने हा दिवस पाळायला सुरुवात केली १९६५ मध्ये, आणि त्यासाठी नाइटिंगेल यांचा जन्मदिवस पक्का झाला १९७४ मध्ये.

आपल्या देशात परिस्थिती निराळी होती. सन्मानाचा प्रश्न नंतरचा, आधी मुलींनी या कामाकडे वळण्याचाच प्रश्न होता. परक्याच्या मलमूत्राला हात लावायचा, रात्रपाळी करायची, पुरुष रुग्णांची शुश्रूषा करायची. जातीचे सोवळे आणि घरची अब्रू या दोन्हींच्या आड हे येत होते. मद्रासला १८७१ मध्ये आणि मुंबईला १८८६ मध्ये प्रशिक्षण सुरू झाले. १८९१ मध्ये मुंबईत शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून येते. एवढ्या एका ओळीपलीकडे त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. परिचारिका म्हणून त्यांचे प्रशिक्षण झालेले नव्हते. तरीही महाराष्ट्रातील रुग्णसेवेचा इतिहास त्यांना वगळून सांगता येणार नाही.

खान्देश त्या वेळी एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. कापसाच्या गाड्या, रेल्वेचा राबता, दुष्काळ आणि साथी हे सगळे या भागाने भरपूर पाहिले. भुसावळचे रेल्वे हॉस्पिटल, जिल्ह्याच्या गावचे सिव्हिल हॉस्पिटल आणि पुढे नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचे मिशन हॉस्पिटल अशा मोजक्या ठिकाणी शिकलेली नर्स दिसायची. बाकी सगळा भार गावच्या सुईणीवर.

व्यवसायाने स्वतःला बांधायला घेतले ते याच काळात. १९०५ मध्ये लखनौला परिचर्या अधीक्षिकांची संघटना झाली आणि १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची. पुढे १९२२ मध्ये दोन्ही एकत्र आल्या आणि आजची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया घडली. मुंबई प्रांतात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य पर्यवेक्षिका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये आला. नोंदणी म्हणजे कागदी उपचार वाटेल, पण शिकलेली आणि न शिकलेली यांत कायद्याने पहिल्यांदा फरक केला तो इथे. त्याआधी कुणीही पांढरे कपडे घालून नर्स म्हणवून घेऊ शकत होते.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. त्यातला हिशेब असा की देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या शेवटच्या दिवशी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर एकच शिक्षणमान राखण्याची सोय झाली. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या कामाच्या खंबीर पाठीराख्या. दिल्लीच्या त्या महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. आणि दिल्लीत केंद्र सरकारच्या परिचर्या सल्लागार म्हणून काम पाहणाऱ्या तेहमिना अद्रनवाला. अभ्यासक्रम, पदे, सेवाशर्ती यांच्या फाइलींवर त्या झिजल्या. वॉर्डात ड्रेसिंग करणारी सिस्टर रुग्णाला दिसते, तिच्यासाठी मंत्रालयात भांडणारी कुणालाच दिसत नाही. म्हणून अद्रनवालांसारख्यांची नावे मुद्दाम घ्यावी लागतात.

आता १९७३. केंद्र सरकारने राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार याच वर्षी सुरू केले. ते राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जातात. खान्देशाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की मोठ्या रुग्णालयांतील परिचारिकांसोबत एएनएम आणि एलएचव्ही, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्सबाई आणि त्यांच्या पर्यवेक्षिका, यांनाही त्यात स्थान आहे. योगायोग पाहा, कर्तारसिंग समितीचा अहवालही याच वर्षीचा. त्या समितीमुळे एएनएमचे काम बाळंतपणापुरते न राहता बहुउद्देशीय झाले. लसीकरण, हिवताप, कुटुंब नियोजन, नोंदवह्या हे सगळे तिच्या अंगावर आले. मानही त्याच वर्षी आला आणि ओझेही.

उपकेंद्राचा निकष सपाट प्रदेशात ५ हजार लोकसंख्येला एक आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३ हजाराला एक. कागदावर हा आकडा लहान दिसतो. पण नंदुरबारच्या सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, मोलगी भागात ३ हजार माणसे म्हणजे डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले पाडे. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता तुटतो. अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांना तरंगता दवाखाना लागतो. ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबे परत येईपर्यंत बाळाच्या लसीचा डोस चुकलेला असतो. अशा ठिकाणी बॉक्समध्ये बर्फ घालून लस घेऊन जाणारी, पावरी-भिलोरी बोली शिकून घेणारी, रुसलेल्या सासूला समजावणारी आरोग्य सेविका व्यवसायाची प्रतिष्ठा ज्या कष्टाने वाढवते, त्याला तोड नाही.

अंदमानातील शांती तेरेसा लाक्रा यांचे उदाहरण म्हणूनच मला फार जवळचे वाटते. त्याही एएनएम. ओंगे आदिवासींमध्ये राहून त्यांनी काम केले, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. उपकेंद्राच्या पातळीवरच्या परिचारिकेला पद्म सन्मान मिळू शकतो हे त्यांनी दाखवले. सातपुड्यातून असे नाव का पुढे जाऊ नये?

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि प्रसविका, म्हणजे प्रशिक्षित सुईणी, यांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेले होते, आणि त्याच वर्षी करोना आला. त्या वर्षीचे राष्ट्रीय पुरस्कार १५ सप्टेंबर २०२१ रोजी ५१ जणांना दूरदृश्य पद्धतीने दिले गेले. करोनाच्याच काळात नंदुरबारने देशाला एक पद्धत दिली: ऑक्सिजन नर्स. काही परिचारिकांवर एकच जबाबदारी टाकली. रुग्णाची पातळी पुन्हा पुन्हा तपासायची, गरजेप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करायचा, रुग्ण जेवायला किंवा संडासला उठला तर नळी तशीच वाहू द्यायची नाही. इतरत्र सिलिंडरसाठी धावाधाव चालू असताना इथे वाया जाणारा ऑक्सिजन वाचला, आणि राज्यात ही पद्धत अनुकरणीय मानली गेली. बातम्यांत तेव्हा प्रशासनाचे कौतुक झाले. ते रास्तच होते. पण ज्यांनी रात्रभर खाटांमधून फिरून हे करून दाखवले, त्यांची नावे जिल्ह्याबाहेर फारशी गेली नाहीत. परिचर्येच्या कौशल्याने एक साधन वाचवता येते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. तो त्यांच्या नावासह नोंदला जायला हवा होता.

शिक्षणाची बाजू खान्देशात उशिरा पण वेगाने वाढली. राज्यात पदवीचे शिक्षण १९६४ मध्ये मुंबईच्या एसएनडीटीत सुरू झाले. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तोही १९९८ मध्येच. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, खासगी नर्सिंग महाविद्यालयेही निघाली. एकेकाळी केरळच्या सिस्टरांवर चालणारे वॉर्ड आता चोपडा, शिरपूर, शहाद्याच्या मुली सांभाळतात. त्यांना पहिले इंजेक्शन हात धरून शिकवणाऱ्या ट्यूटर मात्र सत्काराच्या यादीत क्वचितच दिसतात.

२०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. १९४७ च्या परिषदेची जागा आयोगाने घ्यायची आणि राज्यांनीही आपापले आयोग नेमायचे, अशी त्यात तरतूद आहे. पुरस्काराचे प्रस्ताव तयार करणाऱ्यांसाठीही ही चांगली वेळ आहे. 'अविरत सेवा, मनमिळाऊ स्वभाव' एवढ्यावर प्रस्ताव न थांबवता त्यात तपशील घालावेत: किती तुकड्या शिकवल्या, उपकेंद्रातली घरची बाळंतपणे किती कमी केली, वॉर्डातला जंतुसंसर्ग कसा आटोक्यात आणला, सहकाऱ्यांच्या बदल्या-बढत्यांसाठी कोणते प्रकरण लढवले. मोलगीच्या आरोग्य सेविकेचा असा प्रस्ताव तिला स्वतःला रात्री जागून लिहावा लागू नये. तो तालुका आरोग्य कार्यालयाने तिच्या नोंदवह्या समोर ठेवून तयार करावा आणि वेळेत जिल्ह्याला पाठवावा.