जर्मनीत शस्त्र हाती घ्यायला नकार : अर्ज कोणी, कुठे आणि कसा करायचा

जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा 2011 पासून स्थगित आहे, रद्द झालेली नाही. संरक्षणाची आणीबाणी जाहीर झाली तर ती पुन्हा लागू होते. त्यात 2026 पासून, 2008 किंवा त्यानंतर जन्मलेल्या जर्मन मुलग्यांना अठराव्या वर्षी लष्कराची प्रश्नावली भरून द्यावीच लागते. त्यामुळे ‘नकाराचा अर्ज आत्ताच टाकून ठेवावा का?’ असं बरेच जण विचारू लागलेत.

हा हक्क थेट राज्यघटनेत आहे. कलम 4, परिच्छेद 3 नुसार सदसद्विवेकाविरुद्ध कोणालाही सशस्त्र युद्धसेवेची सक्ती करता येत नाही. वयाची साडेसतरा वर्षं झाली की अर्ज करता येतो, पालकांची संमती लागत नाही. सेवेतले आणि राखीव दलातले सैनिकही तो करू शकतात. जर्मन नागरिकत्व नसेल तर ही सेवा लागूच होत नाही.

कागद तीनच: वरच्या कलमाचा उल्लेख असलेला सहीचा अर्ज, तक्त्याच्या स्वरूपातला जीवनपट आणि कारणांचं सविस्तर निवेदन. शेवटचे दोन महिन्याभरात मागाहून दिले तरी चालतात. पाठवायचं मात्र लष्कराच्याच भरती केंद्राकडे (गंमतच आहे!). तिथून प्रकरण कोलोनच्या नागरी कार्यालयाकडे जातं आणि निर्णय तेच घेतं.

खरी मेहनत निवेदनात आहे. ‘युद्ध वाईट असतं’ एवढ्यावर भागत नाही, आणि इंटरनेटवरून उचललेला नमुना तर नकोच. अमुक एका युद्धाला किंवा सरकारच्या धोरणाला विरोध हे कारणही पुरत नाही. कोणत्याही युद्धात शस्त्र धरून माणूस मारणं मला जमणार नाही, हे दिसलं पाहिजे. हे मत कसं घडलं ते सांगा. समजा, रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक होता, तर त्या रात्री काय पाहिलंत आणि नंतर तुमच्यात काय बदललं, ते लिहा. धार्मिक असण्याची अट नाही. शंका आली तर कार्यालय आधी लेखी खुलासा मागतं. तरीही समाधान झालं नाही, तर समोर बोलावू शकतं.

अर्ज केला म्हणजे वैद्यकीय तपासणी टळली, असं समजू नका. उलट सेवा न केलेल्यांची तपासणी आधी होते. तिथे अपात्र ठरलात तर अर्जावर निर्णयाची वेळच येत नाही. अर्ज नामंजूर झाला तर महिन्याभरात हरकत घेता येते, नंतर प्रशासकीय न्यायालयाचा रस्ता आहे.

मंजुरीनंतर पर्यायी सेवा करावी लागते का? सध्या नाही, कारण रुग्णालयं, वृद्धाश्रम यांतली जुनी नागरी सेवाही 2011 मध्येच स्थगित झाली. तिच्या जागी आलेली संघीय स्वयंसेवा पूर्णपणे ऐच्छिक आहे. सक्ती परत आली तर पर्यायी सेवाही येऊ शकते. पण तिचा कालावधी लष्करी सेवेपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हे कलम 12अ मध्येच लिहिलंय.