रानमेव्याची सहल (पुणे परिसर)

घरचा डबा बांधून सकाळी निघायचे, धरणाच्या किंवा ओढ्याच्या काठी दिवस काढायचा आणि जाता-येता उतारावरची करवंदे, तोरणे, अळू, जांभळे तोडून खायची, असा पुणे परिसरातला साधा, बिनखर्चाचा विरंगुळा. याला तिकीट लागत नाही, आगाऊ नोंदणी लागत नाही. लागते ती वेळेची जाण आणि बरोबर एखादे जाणते माणूस. शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला मावळ, मुळशी, वेल्हे (आताचा राजगड) आणि भोर या तालुक्यांत मुळा, मुठा, पवना, आंबी, मोसे, वेळवंडी या नद्यांची खोरी आहेत. वर डोंगर, खाली अडवलेले पाणी आणि मधल्या उतारावर काटेरी झुडपांचे रान, अशी या सहलीची भूमी.

या सहलीचे पंचांग पाण्यावर चालते. पावसाळ्याअखेर धरणे भरलेली असतात आणि पाणी थेट झाडीला टेकलेले असते. पुढे ते शेतीला, शहराच्या नळांना जात जात उतरते आणि वैशाखात रुंद काठ उघडा पडतो. गाळाच्या ओलीवर कोवळे गवत उगवते, त्यावर गुरे चरायला उतरतात. भोरजवळ वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाचे पाणी ओसरले की बुडालेले कांबरेश्वराचे दगडी देऊळ वर येते. पवना धरणात वाघेश्वराचेही तसेच. नेमक्या याच दिवसांत वरच्या उतारावर करवंद काळे पडते. खाली काठ मोकळा होणे आणि वर फळ पिकणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून ही सहल जमते. वळवाची मोठी सर झाली की करवंदे पाणचट होतात, मृग लागला की गळू लागतात आणि मग काठही बुडायला लागतो. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंतचे पाच-सहा आठवडे हा खरा हंगाम. ज्याने ते चुकवले त्याला वर्षभर थांबावे लागते.

करवंद हा या सहलीचा राजा. सदाहरित, काटेरी झुडूप. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यावर पांढरी, जाईसारखी दिसणारी सुवासिक फुले येतात. फळ आधी हिरवे, मग लालसर आणि शेवटी काळे होते. विकणाऱ्यांच्या तोंडी असलेले ‘डोंगरची काळी मैना’ हे नाव त्यावरूनच आले. तोडण्याचीही एक रीत आहे. जाळीत, म्हणजे करवंदाच्या दाट झुडपात, हात घालताना आधी काटे बघायचे. ते जोडीने येतात आणि टोकदार असतात. पिकलेल्या करवंदाला अंगठ्याने नुसते वळवले तरी ते तळहातात पडते. ओढावे लागत असेल तर ते अजून पिकलेले नाही असे समजून सोडून द्यावे. देठातून लगेच दुधासारखा चीक येतो. अर्धा तास खात बसले की ओठ एकमेकांना चिकटू लागतात आणि बोटांवर काळपट पुटे चढतात. म्हणून तोडलेली करवंदे द्रोणात तशीच थोडा वेळ ठेवून, पाण्यात खळबळून मग खावीत. मुलांचा यात एक जुना खेळ आहे : करवंद फोडायच्या आधी ‘कोंबडा की कोंबडी?’ असे विचारायचे. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. हरणाऱ्याने पुढचे करवंद तोडून आणायचे. कच्च्या करवंदांचे लोणचे आणि चटणी करतात. पण ते घरी आल्यावरचे काम.

तोरणे करवंदांच्या थोडी आधी येतात. हे बोराचेच भाईबंद. वेलीसारखे चढणारे काटेरी झुडूप, त्यावर वाटाण्याहून थोडी मोठी पांढरी फळे. गर थोडा, बी मोठी, चव पिठूळ गोड. त्यांचे घोस पांढरे होईपर्यंत हात लावू नये. अळू हे नाव ऐकून शहरातल्या माणसाला फदफदे आठवते, पण रानातले अळू निराळे. ते झाडावर हिरवे, कडक असते. काढून पेंढ्यात ठेवले की तपकिरी, मऊ होते आणि चिकूची आठवण व्हावी असा गर लागतो. रानातल्या फळांत हे सर्वांत कमी लेखले गेलेले फळ आहे. ओढ्याकाठी शिंदीचे नारिंगी घोस आणि उंबर. उंबर फोडून, फुंकर मारून, आत नीट बघूनच तोंडात टाकायचे. ‘उंबरातले किडे’ हे नुसते बोलण्यापुरते नाही. जांभूळ जूनच्या तोंडावर येते. त्याची फांदी दिसते तशी चिवट नसते, एकदम मोडते. म्हणून वर चढण्यापेक्षा खाली चौघांनी चादर धरावी आणि काठीने हलवावे. बरोबर मिठाची पुडी असावी.

एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी : ओळख पटल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही. करवंद ज्या कुलातले, त्याच कुलातली पिवळी कण्हेर. तिची बिट्टी अत्यंत विषारी. तेव्हा चीक सारखा म्हणून फळ सारखे, असे धरून चालत नाही. गुंजेची लाल-काळी बी दिसायला देखणी, पण पोटात गेली तर जीव घेऊ शकते. गेळा या काटेरी झाडाचे फळ लांबून खाण्याजोगे वाटते. आयुर्वेदात ते मदनफळ म्हणून उलटी करवण्यासाठी वापरतात, यावरून काय ते समजावे.

पाण्याच्या जागांपैकी शहराला सर्वांत जवळची खडकवासल्याची. मुठेवरचे हे धरण १८७९ साली पुरे झाले. सुटीच्या दिवशी रस्त्याकडेला भाजलेली कणसे, कांदाभजी आणि बाजूला करवंदांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. त्याच्या वर आंबी नदीवर पानशेत आणि मोसेवर वरसगाव. पानशेतचे नाव पुणेकर अजूनही हलक्या आवाजात घेतात; १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. धरणाचे पाणी संथ दिसते म्हणून ते भरवशाचे नसते. खाली जुनी नदी, विहिरी, नाले तसेच असतात. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल एकदम खोलात जाते. वरून वाळलेला, भेगाळलेला गाळही पायाखाली खचतो. काठावर बसावे, पाय ओढ्याच्या वाहत्या, तळ दिसणाऱ्या पाण्यात सोडावेत. धरणात पोहायला उतरू नये. पिण्याच्या पाण्याच्या धरणात तर ते मुळीच करू नये.

हा मेवा कोणाचा, हा प्रश्नही या सहलीत येतो. कातकरी, महादेव कोळी आणि धनगर कुटुंबांसाठी करवंदाचा हंगाम म्हणजे शेतीची कामे नसलेल्या दिवसांतला रोख पैसा आहे. बाया पहाटे डोंगर चढतात, पळसाच्या पानांचे द्रोण लावतात आणि टोपली डोक्यावर घेऊन ताम्हिणीच्या रस्त्यावर, सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा लोणावळ्याकडे येऊन बसतात. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज (फळे, पाने, मध अशा रानातल्या वस्तू) गोळा करण्याचा आणि विकण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. सहलीला आलेल्याने ओंजळभर खावे. पिशव्या भरून न्यायच्या असतील तर त्या टोपलीतून विकत घ्याव्यात, आणि भावात घासाघीस करू नये. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात तर तोडायचेच नाही. तिथे १९७२चा वन्यजीव कायदा लागू आहे. देवराईतल्या झाडाला हात लावण्याआधी गावात विचारावे.

अलीकडे उतार भराभर कुंपणात जात आहेत. काठालगत बंगल्यांचे प्लॉट पडतात, जाळी साफ करून हिरवळ लावतात आणि करवंद ‘काटेरी झुडूप’ म्हणून सर्वांत आधी तोडले जाते. उन्हाळ्यातले वणवेही फळावर आलेल्या जाळ्या जाळून टाकतात. जळालेली जाळी बुडातून पुन्हा फुटते खरी, पण त्या वर्षीचा बहर गेला तो गेला. एकट्या सिगारेटच्या थोटकाने अख्खा उतार काळा होऊ शकतो, हे पाहिलेल्याला चूल पेटवण्यापूर्वी भोवतालचे गवत काढायला सांगावे लागत नाही.

वर्षाच्या दुसऱ्या टोकाला हीच सहल आवळी भोजन म्हणून येते. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पान मांडून जेवण्याची ही जुनी रीत. पुण्यातल्या कितीतरी घरांत आजीच्या आग्रहाने ती टिकून आहे. त्या वेळी धरण भरलेले असते, पाणी थेट झाडीपर्यंत आलेले असते, आणि उन्हाळ्यात जिथे सतरंजी अंथरली होती त्या जागेवर बगळे उभे असतात.