नागपूर जिल्हा परिषद : निर्णयप्रक्रिया व पुनर्रचना

नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा कारभार पाहणारी निर्वाचित स्थानिक स्वराज्य संस्था. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये ती १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय नागपुरातील सिव्हिल लाईन्स भागात आहे. जिल्ह्यात एकूण १४ तालुके असून नागपूर शहर हा तालुका महानगरपालिकेच्या कक्षेत येतो. नागपूर ग्रामीण, कामठी, हिंगणा, काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, रामटेक, मौदा, पारशिवनी, उमरेड, भिवापूर व कुही या उरलेल्या १३ तालुक्यांत प्रत्येकी एक पंचायत समिती आहे आणि त्यांखाली साडेसातशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती व तीपैकी सुमारे ६८ टक्के लोक नागरी भागात राहत होते. त्यामुळे जिल्ह्याच्या नावाने चालणारी ही संस्था एक-तृतीयांशापेक्षा कमी लोकसंख्येची, मात्र बहुतेक सगळ्या भूभागाची प्रतिनिधी ठरते. तिच्या निर्णयप्रक्रियेतील बहुतेक ताण या विषम प्रमाणातून निर्माण झाले आहेत.

पूर्वपीठिका : लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्य प्रांतात १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा झाला आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल व लोकल बोर्ड यांची स्थापना सुरू झाली. १९२० च्या कायद्याने या संस्थांची नव्याने मांडणी केली. तरीही जिल्ह्यातील खरी सत्ता डेप्युटी कमिशनरच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीतच राहिली. या व्यवस्थेला पहिला मोठा छेद १९४८ च्या जनपद योजनेने दिला. मध्य प्रांत व वऱ्हाडचे तत्कालीन मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने आलेल्या या योजनेत जिल्ह्याऐवजी तहसील हा स्थानिक कारभाराचा घटक मानण्यात आला, तहसीलवार जनपद सभा स्थापन झाल्या आणि महसुली अधिकाऱ्यांनाच त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी देण्यात आली. निर्वाचित सभा आणि सरकारी यंत्रणा यांना एकाच जुवाखाली आणण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. उत्पन्नाची साधने तुटपुंजी राहिल्यामुळे तो खुंटला, पण तहसील पातळीवर लोकांच्या दाराशी निर्णय व्हावा ही त्यामागची कल्पना चुकीची नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, नागपूरचे राजधानीपद गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या वेळी राज्यात तीन प्रकारच्या व्यवस्था एकाच वेळी नांदत होत्या : पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डे, मराठवाड्यात हैदराबादच्या कायद्याखालील जिल्हा मंडळे आणि विदर्भात जनपद सभा. त्यांचे एकसूत्रीकरण करण्यासाठी १९६० मध्ये तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. नाईक मूळचे पुसदचे असून त्याआधी जुन्या मध्य प्रदेशात उपमंत्री होते. जनपदांचा अनुभव त्यांना जवळून ठाऊक होता. पंचायत राज्याविषयी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासगटाला, म्हणजे पंचायत समितीला, मध्यवर्ती स्थान दिले होते. नाईक समितीने आपल्या २२६ शिफारशींत ते स्थान जिल्हा परिषदेला दिले, जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले, भारतीय प्रशासन सेवेतील मुख्य कार्यकारी अधिकारी परिषदेला जोडून दिला आणि आमदार-खासदारांना तिच्या सदस्यत्वापासून दूर ठेवले. देशात इतरत्र असे स्पष्ट सत्ताविभाजन क्वचितच झाले. जनपद सभांच्या बरखास्तीने निर्णयाचे केंद्र तहसिलीतून जिल्ह्याच्या ठिकाणी सरकले. रामटेक, उमरेड, काटोल या नागपूरपासून दूरच्या भागांना हा बदल अर्थातच अधिक जाणवला.

निर्णयाची रचना : परिषदेचे सदस्य थेट निवडणुकीने येतात. त्यांच्या मतदारसंघाला कायद्यात निवडणूक विभाग आणि सरकारी कागदात गट म्हणत असले, तरी नागपूरकडे सर्रास ‘सर्कल’ हाच शब्द चालतो. प्रत्येक गटाचे दोन गण असतात व गणातून पंचायत समितीचा सदस्य निवडला जातो. जानेवारी २०२० च्या निवडणुकीत जिल्ह्यात ५८ गट व ११६ गण होते. पंचायत समित्यांचे सभापती परिषदेचे पदसिद्ध सदस्य असतात. अध्यक्षाची मुदत अडीच वर्षांची असते. स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत.

सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा भरली पाहिजे, असे कायदा सांगतो. अर्थसंकल्प, करविषयक प्रस्ताव व धोरणात्मक ठराव तिच्यापुढे येतात. दैनंदिन कामकाजाचा मोठा भाग मात्र स्थायी समिती आणि अर्थ, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण, पशुसंवर्धन व दुग्धविकास, महिला व बालकल्याण, जलव्यवस्थापन व स्वच्छता या विषय समित्यांत निकाली निघतो. स्थायी समितीत अध्यक्ष, विषय समित्यांचे सभापती आणि सदस्यांनी आपल्यातून निवडलेले आठ जण असतात. उपमुख्य कार्यकारी अधिकारी हा सभेचा पदसिद्ध सचिव असतो आणि विषय समित्यांचे सचिवपद त्या त्या खातेप्रमुखाकडे असते. सचिवाने लिहिलेले इतिवृत्त पुढील सभेत कायम झाले की ठरावाला अंतिम स्वरूप येते. विषयपत्रिकेवर विषय कसा मांडला गेला आणि इतिवृत्तात कोणते शब्द उतरले, यावर ठरावाचे भवितव्य ठरते. म्हणूनच जाणते सदस्य मागील इतिवृत्ताच्या वाचनाला सर्वांत जास्त वेळ देतात.

एखाद्या गावरस्त्याचे उदाहरण घेतल्यास प्रक्रियेची लांबी लक्षात येते. ग्रामसभेतील मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावाने पंचायत समितीकडे जाते. सर्कलचा सदस्य ती बांधकाम समितीत रेटतो. उपअभियंता अंदाजपत्रक तयार करतो, सक्षम अभियंता तांत्रिक मान्यता देतो, त्यानंतर प्रशासकीय मान्यता, ई-निविदा व कार्यारंभ आदेश असे टप्पे येतात आणि काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेतील नोंदीवरून देयक निघते. रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तरच तो जिल्हा परिषदेचा असतो. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. एकाच गावाच्या दोन टोकांना दोन खात्यांचे रस्ते येतात आणि खड्डा नेमका कोणाचा, हे ठरवण्यात पावसाळा संपतो. शिवाय मान्यता कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या कोणत्या क्रमांकित सदराखाली, मिळाली त्यावर पैसा कोणाच्या सहीने सुटेल हे अवलंबून असते. परिषदेच्या कचेरीत ‘तीस चोपन्न’ (३०५४) आणि ‘पन्नास चोपन्न’ (५०५४) ही रस्त्यांची लेखाशीर्षे शिपायापासून सभापतीपर्यंत सर्वांच्या तोंडी असतात, ती त्यामुळेच.

निधी आणि निर्णयाधिकार : कायद्याने सभेला दिलेला अधिकार आणि प्रत्यक्ष निधीवरील अधिकार यांत कालांतराने अंतर पडत गेले. परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला सेस फंड म्हणतात, हाच काय तो सदस्यांच्या मर्जीने खर्च होणारा पैसा. एकूण उलाढालीच्या मानाने तो फार थोडा असतो, कारण शिक्षकांचे वेतन व शासकीय योजनांचे अनुदान ठरलेल्या कामासाठीच येते. विकासकामांचा मोठा निधी जिल्हा नियोजन समितीकडून मिळतो. महाराष्ट्रात या समितीसाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. समितीतील बहुसंख्य सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांतून निवडून येत असले, तरी विषयपत्रिका जिल्हाधिकारी कार्यालयात तयार होते. नाईक समितीने ज्या अधिकाऱ्याला विचारपूर्वक परिषदेबाहेर ठेवले, त्याच्याच टेबलावरून परिषदेचा पैसा पुन्हा फिरू लागला. हा बदल कोणत्याही एका निर्णयाने जाहीरपणे झालेला नाही आणि म्हणूनच त्याची पुरेशी चर्चा झाली नाही, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

खाणपट्ट्यात हे अंतर अधिक ठळक दिसते. उमरेड, सावनेर, पारशिवनी व कामठी भागांत कोळसा आणि मनसर-गुमगाव परिसरात मँगनीज निघते. खाणींमुळे रस्ते, विहिरी व शेती यांची हानी सोसणाऱ्या ग्रामपंचायती जिल्हा परिषदेच्या कक्षेत आहेत, पण त्यासाठीचा निधी जिल्हा खनिज प्रतिष्ठान या वेगळ्या मंडळाकडून वाटला जातो. वित्त आयोगाच्या अनुदानाचेही असेच वळण आहे. चौदाव्या वित्त आयोगाने संपूर्ण अनुदान ग्रामपंचायतींना दिले व परिषदेकडे काहीच ठेवले नाही. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना ८०, पंचायत समित्यांना १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के अशी वाटणी झाली. गावाला थेट पैसा मिळणे हे स्वागतार्हच होते. परंतु अनेक गावांच्या सामाईक पाणीपुरवठा योजनेसारखी कामे एका गावाच्या हिश्श्यातून उभी राहत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

परिषदेवर वरून देखरेखही मोठी असते. स्थानिक निधी लेखापरीक्षा, विधिमंडळाची पंचायत राज समिती आणि विभागीय आयुक्त यांना तिला उत्तरे द्यावी लागतात. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरत असल्याने डिसेंबरात अधिकाऱ्यांचा बराच वेळ विधानभवनाच्या कामात जातो आणि आर्थिक वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत मान्यतांची गर्दी उसळते.

पुनर्रचना : नागपूर विभागात १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया हे जिल्हे वेगळे झाले. नागपूर जिल्हा मात्र अखंड राहिला. पुनर्रचना झाली ती आतल्या आत. राज्यनिर्मितीच्या काळात नागपूर, रामटेक, काटोल, सावनेर व उमरेड या मोठ्या तहसिली होत्या. पुढे त्यांतून कुही, भिवापूर, मौदा, पारशिवनी, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा, कामठी हे लहान तालुके आकाराला आले. आज ग्रामीण तालुका आणि पंचायत समिती यांची हद्द एकच आहे, त्यामुळे तहसीलदार व गटविकास अधिकारी एकाच भूभागासाठी काम करतात. जनपद योजनेने मागितलेली ही सोय अशा रीतीने उशिरा का होईना मिळाली.

दुसरी पुनर्रचना शहराच्या वाढीतून होत आहे आणि ती अधिक खोल आहे. वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी, कन्हान-पिपरी, महादुला, बेसा-पिपळा यांसारखी गावे एकामागून एक नगर परिषदा किंवा नगरपंचायती झाली. तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतीत रूपांतर करण्याच्या राज्याच्या धोरणामुळे मौदा, कुही, भिवापूर, पारशिवनी, हिंगणा हीही परिषदेच्या कक्षेबाहेर गेली. अशा प्रत्येक रूपांतराने परिषदेची लोकवस्ती व उपकराचे उत्पन्न घटते आणि सर्कलची रेषा पुन्हा आखावी लागते. त्यातच २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या क्षेत्रात ९ तालुक्यांतील ७१९ गावे व सुमारे ३,५६७ चौ. किमी. भूभाग येतो. या गावांत शाळा, दवाखाना व नळयोजना स्थानिक संस्थांची, तर भूवापर व बांधकाम परवानगीचा अधिकार प्राधिकरणाचा, अशी विभागणी झाली. नव्या ले-आउटमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबाला नाली कोणाकडे मागायची हे कळत नाही. हा दोष त्या कुटुंबाचा नसून हद्दी आधी व जबाबदाऱ्या मागाहून ठरवण्याच्या पद्धतीचा आहे.

पुनर्वसित गावांचा प्रश्न याहून जुना आहे. गोसीखुर्द धरणामुळे कुही व भिवापूर तालुक्यांतील गावे उठली. नव्या गावठाणांत ठरलेल्या १८ नागरी सुविधा पूर्ण झाल्यावर ती जिल्हा परिषदेकडे हस्तांतरित व्हावीत, असा क्रम आहे. अपूर्ण सुविधांसह गाव ताब्यात घ्यायचे की नाही, हा वाद सभागृहात अनेकदा गाजला, कारण ताबा घेतल्या दिवसापासून दुरुस्तीचा भार परिषदेवर येतो आणि ताबा न घेतल्यास गावकरी कोणत्याच संस्थेचे राहत नाहीत.

निवडणुका व प्रशासक : सर्कलची रेषा बदलली की आरक्षणही बदलते, आणि आरक्षण बदलले की प्रकरण न्यायालयात जाते. २०१२ मध्ये निवडलेल्या परिषदेची मुदत मार्च २०१७ मध्ये संपली, परंतु न्यायालयीन वादांमुळे पुढील निवडणूक थेट जानेवारी २०२० मध्ये झाली. त्यानंतर ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणासाठी तिहेरी कसोटी (स्वतंत्र आयोग, मागासलेपणाची आकडेवारी व ५० टक्क्यांची मर्यादा) पूर्ण झाली पाहिजे, असा निर्णय दिला. नागपूरसह काही जिल्ह्यांतील इतर मागासवर्गाच्या जागा त्याने रिक्त झाल्या. नागपुरात परिषदेच्या १६ व पंचायत समित्यांच्या ३१ जागांसाठी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणूक घ्यावी लागली. २०२२ मध्ये राज्याने परिषदेच्या सदस्यसंख्येची मर्यादा ५० ते ७५ वरून ५५ ते ८५ केली व त्याच वर्षी ती पूर्ववत केली, त्यामुळे तयार होत आलेली गटरचनाही बाद झाली.

जानेवारी २०२५ मध्ये परिषदेची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक काळात सर्वसाधारण सभेचे व समित्यांचे अधिकार मुख्य कार्यकारी अधिकारी वापरतो, तर पंचायत समितीचे अधिकार गटविकास अधिकाऱ्याकडे जातात. प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच असल्याने नस्ती (फाईल) लवकर पुढे सरकते. सभेत सदस्याने उभे राहून विचारलेला प्रश्न मात्र या व्यवस्थेत कोठेच नोंदला जात नाही, आणि भिवापूर किंवा रामटेक तालुक्यातील देवलापारच्या गावकऱ्याला मागणी घेऊन थेट सिव्हिल लाईन्स गाठावे लागते.

गटरचनेचा प्रारूप आराखडा जिल्हाधिकारी प्रसिद्ध करतात. गटाची हद्द तालुक्याबाहेर जात नाही आणि ग्रामपंचायत शक्यतो फोडली जात नाही. प्रारूपावर कोणत्याही रहिवाशाला ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घेता येते. २०२५ च्या रचनेच्या वेळी अशा हरकतींवरील निर्णयाचा अधिकार विभागीय आयुक्तांकडे होता. हरकतीत गावाचे नाव, सध्याचा व मागितलेला गट आणि रस्ता, नदी किंवा बाजारगाव यांच्या आधारे दिलेले कारण स्पष्ट लिहिलेले असावे लागते.