अबईच्या बिया कोंबड्यांना चालतील का?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलं होतं, आठवतंय ना? शेवटी सरकारला १२ लाख टन सोयापेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारा सोयाबीनचा चोथा जो कोंबडीखाद्यात प्रोटीनसाठी घालतात, बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. पोल्ट्रीत ६०-७० टक्के खर्च नुसत्या खाद्याचा, त्यामुळे पेंड महागली की पोल्ट्रीवाल्याचा जीव टांगणीला लागतो आणि मग हमखास विषय निघतो की दुसऱ्या कुठल्या बिया घालून भागेल का.

अबईचंच घ्या. कोवळ्या शेंगांची भाजी आपण करतो, पण शेंग जून झाली की आतल्या टपोऱ्या बिया तशाच पडून राहतात आणि त्यांच्यात चांगलं पाव भाग प्रोटीन असतं. नायजेरियात अबईच्या पांढऱ्या बियांच्या जातीवर, तिला जॅक बीन म्हणतात, कोंबड्यांना खाऊ घालून बरेच प्रयोग झालेत. कच्च्या बिया दिल्या की पिल्लं खाणं कमी करतात, वाढ खुंटते.

मग भाजून द्या की! इथेच गडबड होते.

उष्णतेचा फायदा होतो हे खरंच आहे, ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखवलं होतं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. पण अबईत दोन वेगळे त्रास आहेत. एक लेक्टिन, ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं. हे प्रोटीनच असल्याने उकडलं की मोडतं, कोरडं भाजून मात्र तेवढं मोडत नाही. राजमा भिजवून खळखळून उकळायचा तोही ह्याच जातीच्या प्रोटीनमुळे. दुसरं कॅनव्हॅनिन. हे आर्जिनिनसारखं दिसतं (आर्जिनिन म्हणजे प्रोटीन ज्या अमिनो आम्लांपासून बनतं त्यातलं एक), शरीर फसतं आणि आर्जिनिनच्या जागी तेच बसवतं. कोंबडीला आर्जिनिन स्वतः बनवता येत नाही, खाद्यातूनच लागतं, म्हणून तिला हा फटका जास्त. आणि कॅनव्हॅनिन उष्णतेला फारसं दाद देत नाही, पण पाण्यात विरघळतं! म्हणजे बिया भरडून भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, मग उकडायच्या आणि ते पाणीही फेकायचं. पाणी फुकट जायला नको म्हणून कोणी तेच खाद्यात मिसळलं तर सगळी मेहनत पाण्यात. खाजकुइलीच्या बियांचंही असंच, त्यांच्यातला एल-डोपा हा त्रासदायक घटक नुसत्या भाजण्याने पुरेसा जात नाही.

बरं, जास्त तापवूनही चालत नाही, बी करपली की लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं आणि कोंबडीला मिळत नाही. सोयापेंड नीट भाजली गेली का हे तपासायची सोपी टेस्ट आहे, युरिया आणि फिनॉल रेड या रंगद्रव्याच्या पिवळसर द्रावणात पेंड पसरायची, काही मिनिटांत लाल ठिपके उठतात. सगळीकडे लालच लाल म्हणजे पेंड कच्ची, एकही ठिपका नाही तर जास्त भाजल्याचा संशय. हे ठिपके उष्णतेने मोडणाऱ्या युरिएज नावाच्या एन्झाइममुळे उठतात, आणि अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये पहिल्यांदा ज्या एन्झाइमचे स्फटिक मिळवले ते हेच युरिएज, ते पण जॅक बीनच्या पिठातून! १९४६ चं नोबेल त्यावरच.

पण अबईला ही टेस्ट पुरत नाही, कारण ठिपके गेले तरी कॅनव्हॅनिन आत असू शकतं. त्यामुळे कोणी आपल्या शेडवर करून बघणार असेल तर सगळ्या बॅचला देऊ नका, थोडी पिल्लं वेगळी काढा, दोन्ही गटांच्या खाद्यातलं प्रोटीन आणि एनर्जी सारखी ठेवा, सोयापेंडीचा अगदी थोडा भाग बदला आणि दर आठवड्याला खाद्य आणि वजन दोन्ही लिहून ठेवा. शेवटी काही पक्षी कापून स्वादुपिंडाचं वजन घ्या. पचन अडवणारे घटक शिल्लक असले तर ते वजनाच्या मानाने मोठं झालेलं दिसतं, पिल्लू वरून कितीही टवटवीत दिसो.