कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा आणि त्यामागचा इतिहास

सोफ्याचा कापूस खोलीभर, आणि कोपऱ्यात कान पाडून, नजर चुकवत बसलेलं कुत्रं. ‘बघा, चूक कळलीय त्याला!’ असं आपण म्हणून मोकळे होतो. कुत्र्याच्या चेहऱ्यावरून त्याचं मन वाचायचा हा नाद जुनाच आहे.

चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात घरचाच कुत्रा आहे. फिरायला निघालं की स्वारी खुशीत पुढे. पण डार्विनची पावलं रोपांच्या काचघराकडे वळली, की फिरणं बुडणार या शंकेने त्याचं डोकं खाली, अंग ढिलं, कान-शेपूट लोंबती. घरचे या पडलेल्या चेहऱ्याला ‘काचघराचा चेहरा’ म्हणत. डार्विनचं निरीक्षण असं, की विरुद्ध भावनांना देहबोलीही विरुद्ध असते. परक्याला पाहून ताठरलेला कुत्रा, तो मालकच निघाला की लवतो, वळवळतो.

पुढे मात्र गाडी भरकटली. प्राणीवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवरून कळपातल्या वर्चस्वाच्या झुंजीची मांडणी केली. तीच कुत्र्यांना चिकटवून ‘मालकाने अल्फा (कळपाचा म्होरक्या) व्हावं’ हा सल्ला फोफावला. ‘अल्फा’ हा शब्द लोकांपर्यंत नेण्यात लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाचा मोठा हात. त्यांनीच १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, वर्चस्वाची झुंज नव्हे. प्रशिक्षकांच्या तोंडून तो शब्द अजून गेलेला नाही, हा भाग वेगळा.

सोफ्याच्या प्रकरणाचा छडा कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी एका प्रयोगातून २००९ साली लावला. मालकाने ‘खाऊ नको’ बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे परतलेल्या मालकाला काही वेळा मुद्दाम खोटंच सांगितलं जाई. ‘अपराधी’ चेहरा दिसला तो मालक रागावला की. खाऊ खाल्ला होता की नव्हता, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे तो चेहरा आपल्या आवाजाला दिलेलं उत्तर होता.

यातले बहुतेक प्रयोग पाळीव कुत्र्यांवरचे. भटक्यांकडे लक्ष दिलं ते आयसर कोलकाता या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने. २०२०च्या त्यांच्या अभ्यासात, कसलंही शिक्षण नसलेली रस्त्यावरची बरीच कुत्री अनोळखी माणसाच्या बोटाचा रोख ओळखून त्याने दाखवलेल्या भांड्याकडे गेली. बुजलेली मात्र जवळच आली नाहीत.